गोरीच्या केसांना तेल

आई, काल फोनवर तुझ्या नातीच्या डोक्यावर मी एका परक्या बाईनं घातलेल्या वेण्या पाहिल्या, आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. कपाळापासून थेट मानेपर्यंत ओढून घातलेल्या बारीक बारीक वेण्या. तू तिला पाहिलंस ते ती पाळण्यात असताना, तुझ्या शेवटच्या दिवसांत. आता ती पुण्यात डॉक्टरकी शिकते आणि सध्या केनियातल्या कुठल्याशा डोंगराळ खेड्यात आहे. तिच्या कॉलेजातली मुलंमुली सुट्टीत तिकडे जातात, शाळेच्या पडवीत टेबलं मांडतात, रक्तदाब मोजतात, गोळ्या वाटतात, फोटो काढतात आणि परत येतात. तुला यात काही नवं वाटणार नाही. आपल्याकडे यायचीच की अशी मुलं, विलायतेहून. तेव्हा मी त्यांच्यावर जळायचे. आता माझीच मुलगी तशी गेली आहे, तर वाटलं होतं की आता तरी माझं जळणं थांबेल. ते थांबलेलं नाही, आणि हे तुझ्याशिवाय कोणाला सांगावं ते मला कळत नाही.

झाशीच्या सदर बाजारातल्या तुझ्या दवाखान्याला रविवारी सुट्टी असे, म्हणजे आपल्याला नसे. बाबा रेल्वेच्या ऑफिसात आठवडाभर मान मोडून काम करायचे आणि रविवारी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपायचे. आपण दोघी पहाटे जीपमध्ये. कानपूर रोडनं मोठ नावाचं गाव गाठायचं, तिथल्या मंडीजवळ चहा प्यायचा आणि मग डावीकडे नाही तर उजवीकडे कुठल्या तरी कच्च्या रस्त्याला लागायचं. मी मागे औषधांच्या पत्र्याच्या पेटीवर बसायचे. उतरेपर्यंत पेटीची कडी मांडीत रुतून वळ उठायचा. अगदी लहान होते तेव्हा माझं काम टॉर्च धरायचं. मग रक्तदाबाच्या पट्ट्यात हवा भरायचं. मग बायकांना रांगेत बसवायचं आणि त्यांचं ऐकून घ्यायचं. मी डॉक्टर होणार हे मला कधी ठरवावं लागलंच नाही, जसं आपण प्रेमनगरात राहतो हे ठरवावं लागलं नव्हतं. तुझी ती लाकडी नळी, पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायची, ती मी दुपारी तुझ्या बॅगेतून काढायचे आणि मांजराच्या पोटाला लावायचे, जेवून झोपलेल्या बाबांच्या पोटाला लावायचे. ती नळी एक दिवस माझी होणार, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

तू मला बोललीस तो दिवस आठवतो तुला? तुला कशाला आठवेल, बोलणाऱ्याच्या ते लक्षात राहत नाही. मोठच्या पलीकडचं एक गाव, शाळेची पडवी, आणि बाकावर एक पोटुशी बाई. तू तिची पापणी खाली ओढून बघत होतीस. मी वाकून पाहिलं आणि आपल्या मराठीत म्हटलं, "आई, किती पांढरी आहे गं ही. हिच्या अंगात रक्तच नाही." मला वाटलं तू म्हणशील, शाबास. ती बाई तुझ्याकडे, मग माझ्याकडे, परत तुझ्याकडे बघायला लागली आणि तिच्या बुंदेलीत म्हणाली, "काए बिन्नू, का बतिया रईं तुम औरें? हम मर रए का?" तू तिचा हात हातात घेतलास आणि माझ्याकडे न बघता, सगळ्यांच्या देखत, हिंदीत म्हणालीस, "जो कहना है, इनकी बोली में कहो. शरीर इनका है." माझ्याशी तू हिंदीत बोललेली मला तरी आठवत नव्हती. आपली मराठी म्हणजे घरातली वस्तू, बाहेरच्यांपासून झाकून ठेवायची. बाजारात साडीच्या दुकानात आपण दोघी मराठीत कुजबुजायचो की हा लुबाडतोय, उठू या. झाशीतल्या सगळ्या मराठी घरांची हीच सवय. येताना जीपमध्ये तू म्हणालीस, "भाव करताना बोलतो तसं पेशंटच्या अंगावर बोलायचं नाही. त्याला कळत नाही त्या भाषेत त्याच्यासमोर बोललं की तो घरी जाऊन नुसता घाबरत बसतो." तुझं बरोबर होतं. पण त्या दिवशी तू मला जणू घराबाहेर काढलंस असं वाटून मी झाशी येईपर्यंत तोंड फुगवून बसले. त्यानंतर पेशंटसमोर मराठीचा एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. बुंदेली मात्र अशी शिकले की गावातल्या बायका मला तिकडचीच समजायच्या.

आणि मग ती विलायतेची मुलं यायला लागली. तुझ्या लखनौच्या कॉलेजातली मैत्रीण इंग्लंडला स्थायिक झाली होती, तिनं जमवून आणलेलं. दर हिवाळ्यात चार-दोन मुलंमुली यायची, आपल्याच घरी उतरायची, पोट बिघडवून घ्यायची, बरी व्हायची आणि तुझ्याबरोबर गावोगाव हिंडायची. त्यांच्या देशात त्यांना पेशंटला हात लावू देत नसत म्हणे, अजून शिकत होती. आपल्याकडे त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप होते आणि गावची बाई त्यांच्यापुढे पोट उघडं टाकून पडायची. गोरे डॉक्टर आले म्हणून शेजारच्या गावांतून बैलगाड्या यायच्या. सरपंच हार घालायचे. तेच गाव, तीच पडवी, तीच पत्र्याची पेटी, पण आजवर तिथं कोणी हार आणला नव्हता. तुझ्यासाठीही नाही. त्यांच्या येण्याला नाव होतं. घरदार सोडून, पदरमोड करून, लांब देशात सेवा करायला आलेली मुलं. माझ्या जाण्याला नाव नव्हतं. मी आपली आईच्या सोबत जायची.

त्याच सुमारास मी मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत नापास झाले. पुढच्या वर्षी पुन्हा. दुसऱ्या निकालाच्या दिवशी तू बाळंतपणाला गेली होतीस आणि परत आल्यावर त्यावर एक अक्षर बोलली नाहीस. त्यानंतरही नाही. तू रागावली असतीस तर मी भांडले असते. तू समजूत घातली असतीस तर रडले असते. तू विचारलंस, जीपमध्ये बँडेजची पिशवी ठेवली का. मी बी.एस्सी.ला नाव घातलं. रविवारी मात्र यायचं, कारण गोऱ्या मुलांना बुंदेली येत नव्हती आणि बायकांना इंग्रजी. तू पेशंटसमोर त्यांच्याशी इंग्रजीत बोलायचीस, घडाघडा, शिकवायच्या भरात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या एका मराठी वाक्याला सगळ्यांदेखत बोल लावलेस आणि यांना तासभर इंग्रजीची मुभा. मी विचारलंसुद्धा तुला, "आता पेशंट घाबरत नाही का?" तू नळी पुसत होतीस. म्हणालीस, "म्हणून तर तू आहेस." इतकंच. मी ते असं घेतलं की मी आता तेवढ्यासाठीच उरले आहे.

एक सांगते, त्यात मला मजाही यायची. एखादी गोरी मुलगी मोठ्या कळकळीनं सांगायची की रोज ताजी फळं खा, आणि मी ते जसंच्या तसं बुंदेलीत बायकांपुढे ठेवायची. एकदा एक म्हातारी म्हणाली, "जा गोरी बिन्नू रोज फल खाबे की कै रई? तो का हमाए घरै बगिया लगी है?" सगळी पडवी हसली. गोरीनं मला विचारलं, काय म्हणतात त्या. मी म्हटलं, तुझे आभार मानतायत. मग ती दुसरीकडे वळली की म्हातारी माझा हात ओढून खरं ते सांगायची, अंगावरून किती जातं, सासू काय बोलते, नवरा कुठल्या गावी गेला तो परतलाच नाही. "तुम बताओ बिन्नू, तुमाई बात समझ में आउत." ते ऐकलं की मला पोटभर जेवल्यासारखं वाटायचं. मी कोपऱ्यात उभ्या तुझ्याकडे बघायची, तू पाहिलंस का म्हणून. तू बहुतेक वेळा त्या गोऱ्या मुलांना काही तरी दाखवत असायचीस.

ती एक गोरी आली त्या वर्षीचं मला सगळं आठवतं. उंच, नाकावर तपकिरी ठिपके, मक्याच्या कणसाला असतात तसे केस. तिला आई नव्हती, लहानपणीच गेली होती, हे तू मला सांगितलंस जणू त्यानं मी तिच्याशी गोड वागावं. मी आणखीच आकसले. ती आपली मुगाची खिचडी तीन-तीनदा मागून खायची. तिनं स्वयंपाकघरात तुझ्याशेजारी पाट ओढून बसायला सुरुवात केली. मी तुला हाक मारते ती ऐकून ऐकून तिनंही तुला आई म्हणायला सुरुवात केली, तोंड वाकडं करून, "आयी" म्हणायची, आणि आई, तू ओ दिलीस. पहिल्याच हाकेला ओ दिलीस. मी पोळ्या लाटत होते. पोळी तव्यावर करपली तरी मला कळलं नाही. माझ्याकडे आपलं असं जे काही होतं, त्यातला हा एक शब्द तरी तिला मागायची गरज नव्हती. एरवी तिच्याकडे सगळंच होतं. माझं कॉलेज, माझे पेशंट, माझ्या घरातली माझी खोली, कारण पाहुणीला उन्हाची खोली द्यायची म्हणून मला तू बैठकीत झोपायला लावलं होतंस.

तिच्या शेवटच्या रविवारी आपण त्याच गावात होतो जिथं तू मला बोलली होतीस. एक पहिलटकरीण आली होती. तू नळी तिच्या पोटावर टेकवलीस, कान लावलास, मग बाजूला झालीस आणि गोरीला म्हणालीस, ऐक. ती गुडघ्यावर बसली. किती वेळ कान लावून होती. मग तिच्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा पोटातल्या बाळाचे ठोके ऐकले होते. ती पहिलटकरीण घाबरली आणि मी तिला बुंदेलीत सांगितलं, सगळं ठीक आहे, हिला आनंद झाला म्हणून रडतेय. माझ्याच तोंडानं मी ते सांगितलं. गोरीनं नळी परत पुढे केली तर तू तिची मूठ मिटलीस आणि म्हणालीस, राहू दे, तुझ्याकडेच ठेव. किती सहज. तुझ्या सगळ्या बाळंतिणींना लागलेली ती नळी, तुझ्या हातानं काळी पडलेली, तिच्या बॅगेत गेली. आपल्या पेटीत तशी दुसरी होती, नव्या लाकडाची, पिवळट. पुढे तू तीच वापरलीस. ती कधी मी मांजराला लावली नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची दुपार. ती संध्याकाळच्या गाडीनं दिल्लीला जाणार होती. थंडीचे दिवस, गच्चीवर छान ऊन. मी वाळत घातलेले कपडे आणायला वर गेले आणि जिन्याच्या दारातच थांबले. तू चटईवर बसली होतीस, ती तुझ्या पुढ्यात पाठ करून, आणि तू तिच्या केसांना तेल लावत होतीस. शेजारी खोबरेलाची वाटी. तू मला कधी तेल लावून दिलेलं मला आठवत नाही, आई. मला न्हाऊ घातलं ते शेजारच्या काकींनी, वेण्या घातल्या त्या काकींच्या सुनेनं. तुझ्या हाताला वेळ नव्हता, आणि मी कधी तक्रार केली नाही, कारण तुझे हात कोणाचा तरी जीव वाचवायला गेलेले असायचे. आता ते हात कोणाचाही जीव वाचवत नव्हते. कणसाच्या केसांत तेल जिरवत होते.

आणि तू बोलत होतीस. मराठीत. "तुझे केस तेलच धरत नाहीत गं," तू म्हणत होतीस. ती म्हणाली, "अच्छा." तिला हिंदीतला तेवढाच शब्द पाठ होता. "माझ्या मुलीचे बघ, काळेभोर. एका वाटीत भागायचं नाही." अच्छा. "लहान होती तेव्हा वेळ नव्हता. आता काढीन म्हटलं तर ती मला डोक्याला हात लावू देईल का? निकाल आला त्या दिवशी घरी आले तर झोपली होती. झोपली होती की सोंग घेतलं होतं, देव जाणे. मी उंबऱ्यातूनच मागे फिरले. पेशंटला मी काय वाटेल ते तोंडावर सांगू शकते, तुझं मूल गेलं म्हणून सांगू शकते. तिच्याशी बोलायला गेले की माझी जीभ टाळूला चिकटते." ती मान डोलवत होती, तुझा हात डोक्यावर फिरतोय म्हणून. "बायका तिच्यापाशी जे बोलतात ते मला कधी सांगत नाहीत. डॉक्टर झाली नाही तर तिचं काही अडायचं नाही. माझंच अडेल. दवाखाना तिला देईन असं धरून चालले होते मी." अच्छा, ती म्हणाली, अच्छा.

तुला वाटेल, हे ऐकून मी धावत येऊन तुझ्या गळ्यात पडायला हवं होतं. मी कपडे तसेच ठेवून खाली आले. आई, मी तेव्हा जितकी जळाले तितकी नळी देताना जळाले नव्हते. ते सगळं माझ्याबद्दल होतं. माझं होतं. आणि तेही तू तिला दिलंस. पेशंटला कळत नाही त्या भाषेत त्याच्यासमोर बोलायचं नाही हे तू मला शिकवलंस, आणि मग स्वतः, जिला एक अक्षर कळत नव्हतं तिच्यासमोर, तिचं डोकं धरून, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महत्त्वाचं बोललीस. तिला कळत नव्हतं म्हणूनच तुला बोलता आलं, हे मला आज कळतं. त्या दिवशीही कळलं असेल. पण कळण्यानं जळणं कमी होत नाही, निदान माझं तरी नाही झालं.

स्टेशनावर तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, तुझी खूप मदत झाली. तिच्या केसांना आपल्या घरचा वास येत होता. गाडी गेली, आपण आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी मी काय केलं ते सांगते. खोबरेलाची वाटी भरली, गच्चीवर नेली, चटई पसरली आणि केस सोडून जिन्याकडे पाठ करून बसले. हाक मारली नाही. तू रोज त्या वेळी ऊन खायला वर यायचीस. तू आलीस. तुझ्या चपलांचा आवाज जिन्यावर आला आणि दारापाशी थांबला. मी वळले नाही. तू उभी होतीस, मला माहीत आहे, तुझ्या श्वासाला चढल्यावर तो बारीकसा आवाज यायचा. मी मनात म्हटलं, बस आता, नुसती येऊन बस. तेवढ्यात खालून जीपवाल्या भैयानं हाक दिली, "डॉक्टरनी जी, मोठ से आदमी आया है, बहू की तबीयत बिगड़ गई." तू थोडी आणखी थांबलीस. मग खाली गेलीस. ती बाई वाचली, तू संध्याकाळी जेवताना सांगितलंस. मी वाटीतलं तेल परत बाटलीत ओतलं. नंतर तू कधी त्या दुपारचं काढलं नाहीस आणि मीही गच्चीवरचं ऐकलेलं कधी सांगितलं नाही. आपल्या दोघींना गप्प राहणं चांगलं जमायचं.

पुढचं तुला माहीत आहे. मी मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागले, अजून शिकवते, पुढच्या वर्षी निवृत्त होईन. बेडकाचं हृदय फळ्यावर काढून दाखवते आणि मुली नावं पाठ करतात. तुझ्या दवाखान्याच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. तुझी नात मात्र पहिल्या झटक्यात मेडिकलला लागली. निकाल कळला तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी पेढे मागितले, मी वाटले, आणि त्या रात्री माझ्या वाटणीचा पेढा मी न खाता परत डब्यात ठेवला. कोणाला दिसलं नाही. मुलीवर माझं प्रेम नाही असं नाही, जीव टाकते मी तिच्यावर. पण दोन्ही गोष्टी एकाच पोटात राहतात, कशा राहतात ते मला विचारू नकोस.

केनियाला जायच्या आधी ती दोन दिवस घरी आली. बॅग भरताना म्हणाली, "मम्मी, आजीची ती मोठवाली स्टोरी सांग ना. आजी पण अशीच जायची ना गावात?" तिचं मराठी असंच आहे, अर्धं हिंदी आणि उरलेलं पुण्याच्या मैत्रिणींकडून उचललेलं. समजतं सगळं, बोलायला लागली की अडखळते. मी म्हटलं, "मी पण जायची." ती म्हणाली, "हां, माहीत आहे. तू ट्रान्सलेट करायचीस." तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं. तिनं नवा स्टेथोस्कोप गळ्यात अडकवून आरशात बघितलं आणि मी तिचे मोजे गुंडाळत राहिले.

कालचा फोन सांगते. व्हिडिओवर तिच्या मागे पडवी दिसत होती. पत्र्याचं छप्पर, बाक, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं. माती तेवढी लाल, बाकी मोठचीच वाटावी. तिनं डोकं हलवून वेण्या दाखवल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घातल्या, दुपारभर बसून. गावोगाव फिरतात, एकट्या सगळं बघतात, खूप प्रेमळ आहेत. तिकडे आईला जे म्हणतात तेच ती त्या बाईंना म्हणते. मी विचारलं, आणि त्या ओ देतात? ती हसली, म्हणाली, "देणारच ना." मग तिनं फोन फिरवला आणि बाकाच्या टोकाला एक मुलगी दिसली. वीसएक वर्षांची असेल. बाईंची मुलगी. "ये हमारे लिए सब ट्रान्सलेट करती है, मम्मी. बहुत चुप रहती है." मुलगी हसली तर ओठ हलले आणि चेहरा तसाच राहिला. आई, तो चेहरा मी ओळखला. तो आपल्या स्वयंपाकघरात पोळी करपवत उभा होता.

तेवढ्यात कोणी तरी तुझ्या नातीला हाक मारली. तिनं फोन त्या मुलीच्या हातात दिला, "दोन मिनिट धर," असं काही तरी इंग्रजीत म्हणाली, आणि पडवीच्या खांबामागे गेली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मला तिची भाषा येत नाही. इंग्रजीत विचारपूस करता आली असती, शिक्षिका आहे मी. मी मराठीत बोलायला लागले. म्हटलं, तुझ्या आईचा तिच्यावर जीव जडलाय ना? जडू दे. आठ दिवसांत ती परत येईल. तिथल्या बायका जे बोलतात ते तुझ्यापाशी बोलतात, हे तुझ्या आईला दिसतं. तुला ती सांगणार नाही, पण दिसतं. ती मुलगी गंभीरपणे ऐकत होती. मग मला थांबता येईना. म्हटलं, ती माझी मुलगी आहे, खूप हुशार आहे, माझ्यापेक्षा हुशार आहे. मी तिला तसं अजून म्हटलेलं नाही, कारण मी तिच्यावर जळते. पोटच्या पोरीवर जळते. तिला नळी मिळाली आणि मला मिळाली नाही. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. त्या मुलीनं मान हलवली आणि अगदी हळू आवाजात तिच्या भाषेतला एक शब्द म्हणाली. कोणता ते मला कळलं नाही. पण तो "अच्छा" सारखा नव्हता.

मग तुझी नात फोनवर परत आली. खांबापासून बाक काही लांब नाही. तिचे डोळे जरा लाल दिसले, पण तिथं धूळ फार उडते असं ती आधीच म्हणाली होती. ती म्हणाली, "मम्मी, मी आले की बोलू." मी म्हटलं, हो. ती कुठं उभी होती हे मी विचारलं नाही, जसं तू मला कधी विचारलं नाहीस.

हे मी पाठवणार नाही, पाठवायचं नाही म्हणूनच इतकं लिहू शकले. तू गोरीशी बोललीस, मी त्या मुलीशी बोलले, आता तुझ्याशी बोलतेय. उत्तर न देणारं माणूस समोर असलं की आपल्या घरात सगळ्यांना वाचा फुटते. ती पुढच्या रविवारी येते आहे. मी खोबरेल आणून ठेवलं आहे, वाटी घासली आहे, आणि ती आली की तिला गच्चीवर पुढ्यात बसवणार आहे, कोणीही खालून हाक मारली तरी उठणार नाही. पण आई, तुझ्यापासून काय लपवायचं. मला तिच्या केसांना तेल लावायचं आहे ते नंतर. आधी मला त्या बाईनं घातलेल्या वेण्या सोडायच्या आहेत, एक एक करून, सगळ्या.